रेगो, सावळा, शेटे

काय करता असं कोणी विचारलं, तर केशव तिकोने सांगायचा, पार्सल ऑफिसात कारकून आहे. ते खरंच होतं. पण लोणावळ्यात त्याला ओळखणारी माणसं त्या नोकरीवरून त्याला ओळखत नसत. ती त्याला ओळखत एका मेलेल्या माणसाचा वकील म्हणून.

खटला रोज संध्याकाळी चाले. रेल्वे कॉलनीच्या मैदानाला लागून चहाचं एक दुकान होतं आणि दुकानासमोर दोन बाकं. मैदान म्हणजे एका पाडलेल्या गोदामाची दगडी फरशी. गोदाम गेलं, फरशी राहिली, आणि साहेबाच्या काळात तिच्या दोन टोकांना दोन खांब उभे राहिले. खांबाला फळी, फळीला रिंग आणि रिंगेला जाळीऐवजी लोखंडी साखळ्या. सुताची जाळी इथल्या पावसात एक हंगामही टिकत नसे. चेंडू आत गेला की साखळ्या खळकन वाजत, आणि बाकावर पाठ करून बसलेल्या माणसालाही कळे, की बास्केट झाली.

लोणावळ्यात आजवर झालेला सगळ्यात मोठा बास्केटबॉल खेळाडू कोण, हा खटला होता. पक्षकार तीन. ऑस्कर रेगो हा घाटातल्या इंजिनांवरचा फायरमन, स्वातंत्र्याआधीचा. सत्तेचाळीस साली गाव सोडून गेला तो परत आला नाही. दुसरा सावळा, डोंगरावरच्या वाडीतला, मालधक्क्यावर पोती उचलणारा; एकच हंगाम खेळला आणि त्याच पावसाळ्यात दरीत पडून मेला. तिसरा तळेगावचा शेटे, आजचा, कॉलेजात शिकणारा, पांढरे बूट घालणारा.

"रेगो आज असता ना," माधवराव सुरुवात करायचे, "तर तुझ्या शेटेला त्याने चेंडूला हात लावू दिला नसता." माधवराव तारखात्यातून निवृत्त झाले होते आणि त्यांनी आयुष्यभर मैदानावर गुण लिहिले होते.

"आज असता तर सत्तरीचा असता," गोरख म्हणायचा. गोरख वीजघरात कामाला होता, जेमतेम पंचविशीचा. "चेंडूजवळ त्यालाच कोणीतरी हात धरून आणावं लागलं असतं."

"अरे, तेव्हाचा चेंडू बघितलायस? बुटाला असते तशी वादी असायची त्याला. टप्पा कुठे जाईल याचा नेम नाही. त्या चेंडूने तो मैदानाच्या मध्यावरून टाकायचा."

"हो, दोन्ही हातांनी, गुडघ्यांतून. विहिरीवर बादली उपसल्यासारखं. शेटे हवेत जाऊन एका हाताने मारतो, माधवराव. जंप शॉट म्हणतात त्याला. तुमच्या काळात होता का?"

मग केशव कप खाली ठेवायचा. "सावळा मारत होता."

"काका, त्रेपन्न साली इथे जंप शॉट नव्हता."

"त्याला नाव नव्हतं. शॉट होता. अनवाणी, या फरशीवरून. चेंडू हातात धरून वर जायचा आणि वर गेल्यावर जरा थांबायचा. आपण खाली उतरलेलो असायचो, तो अजून वरच."

"माणूस हवेत थांबतो होय?"

"थांबायचा," केशव म्हणायचा. गोरख हसायला लागे.

काळ वेगळे, चेंडू वेगळे, फरशीसुद्धा तेव्हा इतकी झिजलेली नव्हती. तिघांना एकमेकांसमोर उभं करायला जागाच नव्हती. हे तिघा भांडणाऱ्यांना कळत होतं, आणि म्हणूनच बहुधा भांडण संपत नव्हतं. पण केशवची गोष्ट जरा निराळी होती. रेगोला पाहिलेली माणसं गावात पुष्कळ होती. शेटे तर दर रविवारी दिसत होता. सावळासाठी बोलणारा केशव एकटा उरला होता. तो एक संध्याकाळ बाकावर गेला नाही, तर त्या संध्याकाळपुरता सावळा कधी झालाच नव्हता. हे त्याला एकदा तापात पडला असताना लक्षात आलं, आणि तेव्हापासून तो अंगात कसर असली तरी मफलर गुंडाळून जायचा.

"आज कोण जिंकलं? म्हातारा, मेलेला की कॉलेजवाला?" घरी आल्यावर त्याची बायको चंद्रिका विचारायची.

"मेलेला," केशव म्हणायचा. बहुतेक वेळा ते खोटं असे.

सावळाचा सगळा दावा एका सामन्यावर उभा होता. भाद्रपदातला सामना, खडकीच्या संघाशी. पाऊस उघडला होता, पण धुकं इतकं उतरलं होतं की पसरलेल्या हाताची बोटं पुसट दिसत. दुसऱ्या गावाने सामना पुढे ढकलला असता. लोणावळ्यात धुक्यासाठी थांबायचं तर निम्मं वर्ष थांबावं लागेल, म्हणून इथे तशातही खेळायची रीत होती. रिंगेपाशी जाईपर्यंत रिंग दिसायची नाही. टेबल मध्यावर, टेबलावर कंदील, कंदिलामागे माधवराव. साखळ्या वाजल्या की बास्केट धरायची. आणि कोणाची ते कळावं म्हणून टाकणाऱ्याने मोठ्याने आपलं नाव सांगायचं. खडकीवाल्यांनी डोक्याला हात लावला, पण कबूल झाले.

सावळा तेवढा अडून बसला.

"धुक्यात आपलं नाव घेत न्हाईत," तो म्हणाला.

"मग रानात एकमेकांना हाक कशी मारता?" माधवरावांनी विचारलं.

"कू घालतो. नाव न्हाई."

"कू? आणि मी रकान्यात काय लिहू, कू? नाव लागतं रे बाबा."

सगळे हसले. सावळाही हसला, पण मान हलवत राहिला. वेळ चालला होता, समोरचा संघ थंडीने हात चोळत उभा होता. केशव पुढे झाला. तो तेव्हा पंचविशीचा होता, संघात होता, आणि सावळाला धक्क्यावरून मैदानात त्यानेच आणलं होतं.

"मी घेतो तुझं नाव. तू फक्त ओ दे. मग तर झालं?"

सावळाने त्याच्याकडे पाहिलं. "घ्या," तो म्हणाला. "तुमचं काय जातंय."

त्या दिवशी धुक्यातून साखळ्या वाजत राहिल्या. केशव चेंडू सावळाकडे द्यायचा, सावळा दोन पावलांत पांढऱ्यात नाहीसा व्हायचा, मग क्षणभर काहीच नाही, मग खळकन. केशव ओरडायचा, "सावळाऽ!" आणि वरून कुठूनतरी आल्यासारखी ओ यायची. लोणावळ्याच्या अकरा बास्केटपैकी आठ माधवरावांनी त्याच्या नावावर लिहिल्या. लोक धुक्यात उभे राहून तेच नाव ओरडत होते. त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. गावातला सगळ्यात मोठा सामना गावाने नुसता ऐकला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सावळा म्हशी आणायला पठारावर गेला आणि कड्यावरून खाली गेला. खालच्या कोकणातल्या माणसांनी त्याला घोंगडीत घालून वर आणलं. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. केशव वाडीवर जाऊन आला. सावळाची आई पुतळाबाई दारात बसली होती.  केशवला तिच्याशी बोलायला काही सापडलं नाही. बोलायला सापडलं ते नंतर, बाकावर, आणि मग सतरा वर्षं ते थांबलं नाही.

सत्तर साली कॉलनीच्या मंडळाने दसऱ्याच्या सुमारास दरवर्षी सामने भरवायचं ठरवलं. जिंकणाऱ्याला करंडक, आणि करंडकाला गावच्या सगळ्यात मोठ्या खेळाडूचं नाव. निवाडा अर्थात बाकावरच्या तिघांवर सोपवला गेला. एवढी वर्षं नुसतं तोंडाने चाललेलं भांडण एकदम खरं झालं.

सगळ्यांत आधी शेटे बाद झाला. जिवंत माणसाच्या नावाने करंडक देत नाहीत, आणि तो स्वतःच तो जिंकायला उतरणार होता. मग रेगो की सावळा, यावर आठवडाभर घासाघीस झाली. केशवने आवाज चढवला नाही. तो एवढंच म्हणाला, "रेगोला सगळ्या गावाने पाहिलंय. तो कुठे जात नाही. दुसऱ्याला हे एवढंच मिळणार आहे."

माधवराव बराच वेळ चष्मा पुसत होते. "आठ बास्केट मीच लिहिल्यात," ते शेवटी म्हणाले. "मी काय नाही म्हणणार? घे. तुझा सावळा."

त्या दिवशी चंद्रिकेने विचारायच्या आधीच केशवने सांगितलं, आणि ते खरं होतं.

सामन्यांच्या आदल्या आठवड्यात भोंगा आला. गोरखने तो जांभळीच्या फांदीवर चढवला, तोंड डोंगराकडे केलं आणि बोलून पाहिलं. "हॅलो, हॅलो. सावळा करंडक. सावळा. सावळाऽऽ." आवाज डोंगरावर आपटून परत आला. परत आलेला आवाज गोरखचा वाटत नव्हता, असं केशवच्या मनात आलं. पण मैदानावर पोरं टाळ्या वाजवत होती आणि तो विचार तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर जायला निघत होता, तेव्हा दारात पुतळाबाई उभी होती. राजमाचीच्या वाटेवरची ती वाडी काही जवळ नव्हती. अंधारातच निघाली असणार. बरोबर सावळाची बहीण हिरी. सावळा गेला तेव्हा दहा-बारा वर्षांची पोर होती, आता दोन मुलांची आई. दोघींच्या लुगड्यांचे काठ दवाने भिजले होते. चंद्रिकेने त्यांना आत घेतलं, चहा ठेवला.

"भाऊ, काल खालनं पोराचं नाव आलं," पुतळाबाई म्हणाली.

"भोंगा लावून बघत होते, मावशी. मीच येणार होतो सांगायला. करंडकाला त्याचं नाव देतोय आम्ही. दरवर्षी सामने होतील, दरवर्षी त्याचं नाव घेतलं जाईल. सगळ्या गावाने ठरवलंय."

"हिरी सांगत व्हती तसं."

"तुम्हांला पहिल्या रांगेत बसवणार आहे मी."

पुतळाबाईने कपातला चहा बशीत ओतला. ओतून तशीच बसली. "ते तेवढं नका करू," ती म्हणाली.

केशवला वाटलं, लाजते आहे. तो समजावायला लागला. ती ऐकत राहिली, आणि तो थांबल्यावर हिरीला म्हणाली, "सांग भाऊंना."

हिरी खाली बघत बोलली. "मी व्हते त्याच्या मागं. म्हशीला काठी घालीत व्हते. धुकं लय व्हतं. तो म्होरं, कड्याच्या अंगाला. दिसत नव्हता, पर पाय वाजत व्हते. मग त्यानं ओ दिली."

"कोणाला?"

"हाक मला ऐकू आली न्हाई. मी कू पण घातली नव्हती. तितं तिसरं कुनी नव्हतंच. त्यानं ओ दिली, आन वळला. वळलेला पाय ऐकू आला मला. मग काईच न्हाई."

चुलीवरचं पाणी उकळत होतं. चंद्रिका पदर तोंडाशी धरून उभी होती.

"हे तुम्ही कधी बोलला नाहीत," केशव म्हणाला. आवाज आपला आहे असं त्याला वाटेना.

"बोलून काय व्हनार व्हतं? तुमी वाईट केलं न्हाई, भाऊ. मला ठावं हाय, तुमी त्याच्यासाठी भांडता. बाजाराला येतो तवा कानावर येतं. तितं तुमी हळू बोलता, ते चालतं." पुतळाबाईने बशी बाजूला सरकवली. "पर भोंग्यातनं नको. हाक मारली की मानूस वळतो. तो चाललाय कुटंतरी. कुटं ते मला काय ठावं. पर दर हाकंला मागं वळून बघत आसंल, तर पोचंल कवा?"

मग तिने बशीतला गार चहा पिऊन टाकला, कप पालथा घातला आणि दोघी उठल्या. केशव त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेला. त्याने काही कबूल केलं नाही आणि तिनेही मागितलं नाही.

तो शिकलेला माणूस होता. ओ आपोआपही निघते तोंडून, कान वाजतात, म्हशीने हंबरलं असेल, हे सगळं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. प्रत्येक गोष्ट खरी असण्यासारखी होती. पण ज्याने त्या पोराला धुक्यात ओ द्यायला शिकवलं, तो माणूस त्यातल्या कुठल्याही गोष्टीने बदलत नव्हता. त्या सामन्यात त्याने ते नाव किती जोरात घेतलं होतं! आपल्याला बास्केट दिसत नव्हती, म्हणून जास्तच जोरात. धुकं सगळं ऐकत होतं, असा एक विचार आला आणि तो केशवने पुरा होऊ दिला नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मंडळाची शेवटची बैठक होती. करंडकावर नाव कोरायला त्याच दिवशी पाठवायचं होतं. धुकं होतं. रस्त्याच्या कडेची झाडं एकेक करून जवळ येत आणि मागे जात होती. मागून कोणीतरी हाक मारली, "केशव." त्याचा पाय जागीच थांबला. मान वळेना. पुन्हा हाक आली, जवळून. तो उभा राहिला, ओ दिली नाही. खांद्यावर हात पडला.

"बहिरा झालास काय?" माधवराव होते. "दोनदा हाक मारली." त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बरं नाही का तुला?"

"बरा आहे," केशव म्हणाला. दोघे पुढे चालू लागले.

बैठकीत नाव वाचून दाखवलं गेलं, तेव्हा तो उठला. "सावळाचं नाव देऊ नका," तो म्हणाला. "रेगोचं द्या."

गोरख हसला. गंमत चालली आहे असंच त्याला वाटलं. मग हसू ओसरलं. "काका, मी कॉलेजात होतो तेव्हापासून तुम्ही माझं डोकं खाताय. आता सगळे हो म्हणतायत तर तुम्ही नाही म्हणता?"

खरं कारण सांगायला तोंड उघडलं आणि केशवला पुढचं सगळं दिसलं. काही जण हसतील. काही हळहळतील. कोणीतरी भाषण करेल, की अशा भोळ्या समजुती सोडून आपण आपल्या वीराचं नाव घेतलं पाहिजे. आणि भोंग्यातून ते दुप्पट जोराने घेतील. शिवाय ती गोष्ट हिरीची होती. ती तिने सतरा वर्षं आपल्यापाशी ठेवली होती. सावळाला गप्प राहू द्यायचं तर एकच उपाय होता. तो लहान व्हायला हवा होता.

"धुक्यात मी त्याचं नाव घेत होतो," केशव म्हणाला. "चेंडू कोणी टाकला ते मला दिसत नव्हतं. संघात पाच जण होतो. साखळ्या वाजल्या की मी त्याचंच नाव घ्यायचो. सवय लागली होती."

"पण तो ओ द्यायचा ना?"

"नाव घेतल्यावर माणूस ओ देतोच."

 "म्हणजे त्या आठ बास्केट..." गोरख म्हणाला.

"दोन असतील त्याच्या. तीन असतील. बाकीच्या मला माहीत नाहीत. त्याशिवाय त्याचं दुसरं काय आहे? एक हंगाम. मालधक्क्यावरचा चांगला उड्या मारणारा पोरगा होता. तेवढंच."

हे बोलताना आपण खोटं बोलतो आहोत याची त्याला पक्की जाणीव होती. बोलून खाली बसला, आणि ती जाणीव राहिली नाही. खरंच, काय पाहिलं होतं आपण? पांढरं. पांढऱ्यात शिरणारी एक पाठ. सतरा वर्षं रोज संध्याकाळी सांगून सांगून त्या पाठीला त्याने हात दिले होते, उडी दिली होती, हवेत थांबणं दिलं होतं. एका वाक्यात ते सगळं गेलं, आणि गेल्यावर मागे काय उरलं हे बघायची त्याला छाती झाली नाही.

माधवराव एकटे त्याच्याकडे टक लावून पाहत होते. त्यांनी त्या दिवशी कंदिलामागे बसून एकेक ओ स्वतःच्या कानांनी ऐकली होती, आणि ती दर वेळी रिंगेखालूनच आली होती. हे ते म्हणू शकले असते. "बरं," ते म्हणाले. "रेगो लिहा."

जिंकलेल्या माणसाचा आवाज तसा नसतो.

सामने झाले. दिवसभर भोंगा रेगोचं नाव डोंगरावर फेकत होता आणि डोंगर ते परत पाठवत होता. शेटे फार सुंदर खेळला. त्याने पांढऱ्या बुटांनी फरशी सोडली की केशव नजर खाली वळवायचा, आणि साखळ्यांची वाट बघायचा.

बक्षीस समारंभानंतर मुंबईहून आलेला एक वार्ताहर चहाच्या दुकानापाशी आला. तरुण होता, हौशी होता. गोरखने त्याला जागा करून दिली. भांडण लगेच जुंपलं, वादीच्या चेंडूपासून जंप शॉटपर्यंत. पाहुण्याला मजा वाटली.

"म्हणजे इथल्या सगळ्या काळांत मिळून मोठे खेळाडू दोनच?" त्याने विचारलं. "रेगो आणि शेटे? मध्ये कोणीच नाही?"

गोरखने केशवकडे पाहिलं. माधवरावांनी पाहिलं नाही. ते मैदानाकडे तोंड करून बसले होते. तिकडे कॉलनीतली पोरं अजून खेळत होती, आणि धुकं फरशीवरून सरकत पहिल्या खांबापर्यंत आलं होतं.

"दोनच," केशव म्हणाला.

"आणि तुमच्या मते त्यातला मोठा कोण?"

केशवने विचार केला. या प्रश्नावर त्याने आजवर कधी विचार केला नव्हता. त्याला तशी गरजच पडली नव्हती.

"रेगो," तो म्हणाला. "चेंडूला वादी असायची तेव्हा."

"आता मात्र हद्द झाली, काका," गोरख उसळून म्हणाला आणि हात झाडत पुढे सरकला. मग अंधार पडेपर्यंत केशव एका फायरमनच्या बाजूने भांडत राहिला, ज्याला त्याने आयुष्यात दोनदा पाहिलं होतं. माधवराव त्याला मधून मधून एखादा तपशील पुरवत होते, हलक्या आवाजात, आजारी माणसाला पाणी द्यावं तसे.